लहान मुद्गलाचा फेरा

"जोर लावू नकोस रे. तिला जाऊ दे, आपसेआप परत येते ती."

ती म्हणजे गदा. बांबूच्या दांड्याला बसवलेला मडक्याएवढा दगडी गोळा. दुर्गाघाटाजवळच्या आखाड्यात गुरुजी प्रत्येक नवख्याला हेच सांगत. दिवसा ते मुलांना वेद शिकवायचे. सत्तरी ओलांडलेली, अंगावर मांस म्हणाल तर नावाला. असा माणूस ती गदा खांद्यावरून पाठीमागे सोडायचा आणि ती पाठीला न शिवता दुसऱ्या खांद्यावरून वर यायची. तुम्ही असता तर तुम्हीही तोंडात बोट घातलं असतं.

बँकेच्या बदलीने काशीत आलेला मी आखडलेला खांदा घेऊन तिथे गेलो. पहिल्याच दिवशी जमिनीवर आडवी ठेवलेली गदा ओलांडली. सगळ्यांचे हात थांबले.

"पाया पड तिच्या," गुरुजी म्हणाले, "आणि महिनाभर इथे झाडू मार."

मुकाट्याने मारला. महिन्यानंतर हातात मिळाला लहान मुलांचा लाकडी मुद्गल. मी मनातून चिडलो होतो, पण झाडूनेच निम्मा खांदा सुटला होता. हे त्यांना आधीच ठाऊक असावं.

नागपंचमीला आखाड्यात मोठी गदा निघते. तिचा पहिला फेरा कायम गुरुजींचा. एका उन्हाळ्यात अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला. मी भेटायला गेलो तर जड जिभेने म्हणाले, "पंचमीला येणार. फेरा माझा आहे."

खरंच आले. माती कपाळाला लावली, मोठ्या गदेला नमस्कार केला आणि माझ्याकडे बोट केलं. "तुझा मुद्गल आण."

डाव्या हाताने तो कसाबसा खांद्यावर चढवला आणि मागे सोडला. तो पाठीमागेच लोंबकळत राहिला. आम्ही चौघे धावलो.

"हटा! येतो आपसेआप."

मग हळूहळू डुलत तो मुद्गल दुसऱ्या खांद्यावरून वर आला. त्यांची मोठी गदा मी कितीदा पाहिली होती, पण असा थक्क कधीच झालो नव्हतो. मला रडू आवरेना.

गुरुजी गेले त्याला दोन वर्षं झाली. पंचमीला मोठी गदा आता त्यांचे शिष्य फिरवतात, पण दुसऱ्या फेऱ्याला. पहिला फेरा त्या लहान मुद्गलाचा. तसं कुणी ठरवलेलं नाही, तरी चांगले धडधाकट पैलवानही तो डाव्या हातानेच घेतात.