संगप्पाच्या ताब्यातलं दार

संगप्पाशी कुणाचं पटत नव्हतं, आणि पटावं असं त्यालाही कधी वाटलं नाही. सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या टॉवेलच्या कारखान्यात तो बावीस वर्षं होता. आला तेव्हा लूमचा फिटर. एकदा हापिसातला कॉम्प्युटर बंद पडला, दुरुस्तीवाला चार दिवस फिरकला नाही, तेव्हा ह्यानं तो खोलून चालू केला, आणि तिथून पुढं वायरीचं जे जे काय ते ह्याच्या गळ्यात पडलं. वाचून, चुकून, शिव्या खाऊन तो शिकला. आपल्याला कुणी शिकवलं नाही, मग आपणही कुणाला शिकवायचं नाही, असा त्याचा न्याय.

जिन्याखालच्या खोलीत त्याचा सर्व्हर. एकच. गिऱ्हाइकं टॉवेलचे नमुने बघून ऑर्डरी टाकायची ती वेबसाईट त्याच्यावर, आणि बाहेरगावच्या माणसांनी घरबसल्या कारखान्याच्या फायलींपर्यंत यायचं, तो गेटवेही त्याच्यावरच. दोन कामांना दोन मशीनं द्या, म्हणून त्यानं सयाजीराव मालकांना तीनदा सांगितलं. मालक म्हणाले, "एकावर चालतंय न्हवं? मग चालू द्या की."

"एकाच रेड्याला मोट बी वढाय लावली आन् गाडी बी," संगप्पा तोंडावर म्हणाला. "बसला म्हंजे दोनी कामं बसत्याल."

पण बसवलं त्यानं. बाहेरून आत यायला वाट एकच. येणारा कुठलं नाव घेऊन आला ते बघून एक छोटा प्रोग्राम त्याला वेबसाईटकडं नाहीतर गेटवेकडं धाडायचा. बाकीच्या वाटा त्यानं बुजवून टाकल्या. खुद्द त्याला घरून सर्व्हरला हात लावायचा झाला, तरी त्या गेटवेतूनच यावं लागे. काम चोख होतं. आणि त्या चोख कामात त्यानं एक खुंटी मारून ठेवली होती. सर्व्हर बंद होऊन चालू झाला की वेबसाईट आपली आपण उठायची, गेटवे मात्र पासवर्ड मागत थांबायचा. सर्व्हरपुढं बसून तो टाईप केल्याशिवाय बाहेरचं माणूस आत येत नसे. सुरक्षेसाठी, असं तो सांगे, आणि ते खरंही होतं. पण तो पासवर्ड एकट्या त्याच्याच डोक्यात होता, हे सुरक्षेसाठी नव्हतं. ते ऋतुराजसाठी होतं.

ऋतुराज हा मालकांचा पुतण्या. पुण्याला शिकून आला आणि मॅनेजर होऊन बसला. सर्व्हरचं काम पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीला द्यायचं त्यानं मनात घेतलं होतं आणि ते तो लपवतही नव्हता.

"संगप्पा, परत लूमवर जाता का? तिकडं माणूस कमी आहे," असं चहाच्या वेळी दहा जणांत विचारायचा.

"तुमी आदी एक दिस लूमवर हुबं ऱ्हाऊन दावा, सायेब. मग बोलू."

आपली नोकरी त्या एका पासवर्डावर तगून आहे, हे संगप्पाला पक्कं ठाऊक होतं.

खंडेनवमी आली. त्या दिवशी लूम धुऊनपुसून बंद ठेवायचे, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची, हत्याराला हात लावायचा नाही. सर्व्हरला मात्र संगप्पा दरसाली चालूच ठेवून वरून कुंकवाचं एक बोट लावायचा. यंदा मंद्रूपला घरी पूजा होती, म्हणून त्यानं सुट्टी घेतली आणि आदल्या दिवशी ऋतुराजला बजावलं, "जिन्याखालचं बंद करू नका. चालू मशीनीची बी पूजा हुती."

"लूम बंद, बॉयलर बंद, आणि तुमचाच डबा चालू? कामगार काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू द्या. बाहेरची मान्सं त्येच्यावर हायत."

"सणाला कोण काम करतंय?"

"रेश्माबाई करतीया. तिचं डिझाईन जर्मनीच्या गिऱ्हाइकाला जायाचंय, त्येला आपला सण न्हाय."

"मला शिकवू नका."

"येत नसंल त्येला शिकवायच लागतंय," म्हणून संगप्पा निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दहाला ऋतुराजनं सर्व्हर बंद केला, माळ घातली, नारळ फोडला, फोटो काढला आणि अर्ध्या तासानं बटण दाबलं. वेबसाईट उठली. त्यानं ग्रुपवर टाकलं, 'सर्व्हर बंद करून चालू केला. काहीही बिघडलं नाही.' मंद्रूपच्या ओसरीवर संगप्पानं ते वाचलं. काय बिघडलंय ते त्याला तिथंच कळलं. एक फोन करता आला असता. त्यानं मोबाईल उपडा ठेवला आणि जेवायला बसला.

बाराला बार्शीहून रेश्माचा फोन आला. ती टॉवेलची डिझाईनं काढायची. सासू अंथरुणाला खिळली म्हणून मालकांनी तिला घरून काम करू दिलं होतं. एकदा जरी काम अडलं तर रोज सोलापूरला यायचं, ह्या बोलीवर.

"संगप्पाण्णा, गेटवे आत घेईना झालाय. चारला डिझाईन धाडायचंय."

"ऋतुराजसायबाला इच्यारा."

"इच्यारलं. म्हणत्यात वेबसाईट चालू हाय, तुमच्या घरचं नेट बघा."

"मग त्येंनाच डिझाईन काढू द्या की."

 ती म्हणाली, "तुमाला सकाळधरनं ठावं हाय. व्हय का न्हाय?"

संगप्पानं मोबाईल दुसऱ्या कानाला लावला.

"त्यो फोटोसाठी बंद करतोय, तुमी त्येची जिरवायला गप बसताय. घरात सासूचं कोण करंल माज्या? तुमच्यात आन् त्येच्यात काय फरक न्हाय, अण्णा." तिनं फोन ठेवला.

बाकी कुणी काही म्हणालं असतं तरी त्यानं उडवून लावलं असतं. पण ऋतुराजच्या पंगतीला बसवलेलं त्याला सोसलं नाही. तो उठला, सदरा अडकवला. तेवढ्यात ऋतुराजचाच फोन.

"पासवर्ड सांगा."

"फोनवर सांगत न्हाय."

"काका इथं उभे आहेत. रेश्मानं त्यांना फोन केलाय."

"त्येंनी बी फोनवर इच्यारू नये."

"मग निघा ना! मोटारसायकल आहे ना?"

"पूजा झालीया तिची. आज हात लावायचा न्हाय. रीत तुमीच पाळताय की," असं म्हणून तो एसटीला चालत निघाला.

पोचायला सव्वादोन झाले. सर्व्हरच्या जाळीत झेंडूच्या पाकळ्या कोंबलेल्या, खाली नारळाचं पाणी. "पंख्यात वतायचं तेवडं ऱ्हायलं," म्हणत त्यानं पाकळ्या उपटून काढल्या, डाव्या हातानं कीबोर्ड झाकला आणि पासवर्ड टाईप केला. मिनिटभरात रेश्माचं नाव यादीत उमटलं.

ऋतुराजनं कागद-पेन पुढं केलं. "लिहा. आत्ता. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

मालक दारात उभे होते. ह्या वेळेसाठी संगप्पानं उत्तर केव्हाचं तयार ठेवलं होतं, तेही चांगलं खरमरीत. ते तसंच ठेवून त्यानं पासवर्ड लिहिला, कागद पाकिटात घातला, चिकटवला आणि चिकटवल्या जागेवर सही केली.

"ह्ये रेश्माबाईकडं ऱ्हाईल. मी नसलो आन् बंद पडलं, तर तीच फोडंल आन् इथल्याला सांगंल."

"त्या डिझाईनवालीकडं? तिला काय कळतंय त्यातलं?"

"बंद पडलं की पयलं काम तिचं अडतंय. तिला फोटो बी काडायचा नसतोय, आन् कुणाची जिरवायची बी नसतीया."

ऋतुराज मालकांकडं वळला. मालकांच्या डोळ्यांपुढं जर्मनीची ऑर्डर होती. "ऱ्हाऊ दे तिच्याकडं," ते म्हणाले आणि गेले.

"आता तुमची गरज किती उरली, ते कळलं ना?" ऋतुराज म्हणाला.

"कळलं," संगप्पा म्हणाला. "सरा बाजूला. पुसू द्या ह्ये पाणी."

दुसऱ्या दिवशी तो बार्शीला जाऊन आला. रेश्मानं पाकीट उंबऱ्याच्या आतूनच घेतलं, सही बघितली. बसा म्हणाली नाही.

"डिझाईन गेलं?" त्यानं विचारलं.

"चारला पाच कमी असताना. पुन्यांदा गप बसलासा तर?"

"बसत न्हाय."

"बघू की," म्हणून ती आत सासूकडं गेली. दसरा होता, गल्लीत माणसं एकमेकांना सोनं देत होती. तिनं दिलं नाही, त्यानं हात पुढं केला नाही. तो उन्हातनं स्टँडकडं चालत गेला. गाडीत बसल्यावर ऋतुराजचा मेसेज आला. सोमवारी त्या पुण्याच्या कंपनीची माणसं येणार होती. त्यांना सर्व्हर दाखवायला हजर राहा, असा.

'हजर हाय,' एवढंच त्यानं उलट लिहिलं.