न पाहिलेला काळा करकोचा

मंडळी, आज सकाळी नांदूरमध्यमेश्वर धरणाच्या काठावर एक जुनी थाप कबूल करून आले. तुम्हालाही सांगून टाकते.

ब्याऐंशीच्या हिवाळ्यात आम्ही कॉलेजची पोरं नाशिकहून एसटीने तिथे पक्षी बघायला जायचो. पक्ष्यांचं प्रेम वगैरे काही नाही, कोणाची यादी लांब एवढीच चुरस. निफाडच्या शाळेतले कांबळे सर मात्र सायकलवर यायचे आणि एकाच बाभळीखाली तीन-तीन तास बसायचे. ना यादी, ना घाई.

एकदा माझी यादी फारच मागे पडली, म्हणून मी ठोकून दिलं, "सर, पलीकडच्या काठावर काळा करकोचा दिसला!" हा पक्षी इकडे क्वचितच येतो. सरांनी तो कधीच पाहिला नव्हता.

आज कित्येक वर्षांनी गेले, तर सर त्याच बाभळीखाली! वय ऐंशीच्या पुढे. मला ओळखून म्हणाले, "अगं, तुझा करकोचा! दर हिवाळ्यात येऊन बघतो. अजून काही दिसला नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "सर, मी खोटं बोलले होते. मलाही नव्हता दिसला."

सरांनी गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या हातात दिली.

"म्हणजे तुझाही बघायचा राहिलाय की! बस इथे. पलीकडचा काठ तू बघ."

बारा वाजेपर्यंत बसलो. करकोचा आला नाही. घरी येऊन जुन्या वहीतलं त्याचं नाव खोडलं.

खरं सांगा, तुमच्या यादीत असं एखादं नाव आहे का?