नाव तापवणं

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावात एकच गोष्ट जोमात होती, कुत्र्यांची तालीम. अणदूरच्या अलीकडं आमचं गाव. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि ऊन कललं की शिकारी कुत्री घेऊन आटलेल्या तळ्यात जमायचं. पाणी नव्हतं, पण पळवायला जागा झकास झाली होती.

माझी कुत्री मला एका म्हाताऱ्या धनगरानं दिली. चाऱ्यासाठी मेंढरं घेऊन तो मुलूख सोडून निघाला होता. पिल्लू माझ्या हातात ठेवून म्हणाला, "हिचं नाव घेतलं की तोंडात घास पडला पायजे. येवढंच शिकवायचं, दुसरं काय न्हाय." कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीच्या गोड पिठातली चिमूट मी तिच्यासाठी राखायचो. घरचे चिडायचे. पण नाव घेतलं की ती कुठूनही यायची, स्वतःच्या लांब पायांत अडखळत. त्या वर्षात मला बघून खूश होणारं दुसरं कुणी नव्हतं.

तालमीचे वस्ताद हसायचे. "लाडानं कुत्रं जवळ येतंय, पळत न्हाय." त्यांची रीत अशी : कुत्रं खुंट्याला बांधायचं, नाव घ्यायचं आणि चामड्याचा पट्टा हाणायचा. पुन्हा नाव, पुन्हा पट्टा. याला ते नाव तापवणं म्हणत. मग शर्यतीत साखळी सोडताना मालकानं मागून नाव पुकारलं की कुत्रं जिवाच्या आकांतानं पुढं पळायचं.

जत्रेच्या शर्यतीला गावच्या सोसायटीनं ज्वारीचं पोतं लावलं. रेशनवरच्या परदेशी लाल मिलोच्या भाकरी खाऊन आमची तोंडं विटली होती. मी वस्तादांकडं गेलो. पट्टा त्यांनी चालवला, नाव मात्र मी घेतलं, कारण मालकाचाच आवाज तापावा लागतो. पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा तिनं शेपूट हलवून घासासाठी तोंड उघडलं. तिथंच तिला सोडवून घरी न्यायला हवं होतं. मी नेलं नाही. आठ दिवसांनी मी नुसतं नाव घेतलं तरी ती खुंट्याभोवती लोळण घेत मुतायची. वस्ताद म्हणाले, "आता तयार झाली." आणि मला, खोटं कशाला सांगू, अभिमान वाटला.

शर्यत तिनं मारली. दुसरं कुत्रं तिच्या आसपासही नव्हतं. शेवटाला धोतर ताणून दोघं तिला धरायला उभे होते, पण सगळी जत्रा आनंदानं तिचंच नाव घेऊन ओरडत होती. ती धोतराखालून निसटली आणि माळाकडं सुटली. पोतं तिथंच टाकून मी मागं धावलो.

दोन कोसांवर ती एका बाभळीखाली दिसली. धापा टाकत होती, पंजे फुटले होते. धनगराचं सगळं बोलणं तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. मी लांबच खाली बसलो. तोंड फिरवून घेतलं, हात जमिनीवर उघडा ठेवला आणि तिचं नाव घेतलं नाही. बराच वेळ गेला. मग ती उठली. पोट जमिनीला घासत, थांबत थांबत आली. तिचं ओलं नाक माझ्या बोटांना लागलं, मला रडू फुटलं आणि रडता रडता माझ्या तोंडून तिचं नाव निघून गेलं.