काचेवर निळं लावायचं नाय

"आज तू नको रं. उद्यापासून तूच हाय."

भाऊंनी एवढं म्हटलं आणि माझ्या हातातली चावी काढून घेतली. हिसकावली नाही. हळूच घेतली, लहान मुलाच्या हातातून कात्री घेतात तशी. मी नव्या कोऱ्या पिकअपच्या दाराशी उभा होतो. एक पाय पायरीवर होता. तो खाली घेतला.

पनवेलला हायवेलगत शोरूम आहे, तिथली गोष्ट. भाऊंच्या घरची दहा-बारा माणसं आली होती. टायरखाली चार लिंबं ठेवली होती. बॉनेटवर कुंकवाचा स्वस्तिक, झेंडूचा हार. चावी माझ्या हातात दिसली तेव्हा भाऊंची वहिनी त्यांच्या कानाशी लागली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. आमच्या लोकांना असलं ऐकावं लागत नाही. मान कुणाकडे वळली त्यावरून कळतं.

नवी गाडी लिंबांवरून काढायची ती घरच्या माणसाने. मी त्यांच्याकडे तेव्हा सात वर्षं ड्रायव्हर होतो. त्यांच्या आईला लकवा मारला तेव्हा मीच तिला दोन्ही हातांवर उचलून गाडीत घातलं होतं. तेव्हा कुणी कुणाच्या कानाला लागलं नव्हतं. जीव जात असला की आमचे हात चालतात. शुभकार्याला चालत नाहीत.

चावी भाऊंच्या पुतण्याकडे गेली. त्याने क्लच असा सोडला की गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा लिंबं फुटली. टाळ्या झाल्या. मग भाऊंनी त्यांचा मोबाईल माझ्या हातात दिला.

"सगळी येतील असा फोटो काढ."

काढला. सगळी आली.

आणि ती गाडी मी निवडली होती. हे सांगितल्याशिवाय माझा राग कुणाला कळायचा नाही. भाऊंचा विटा-रेतीचा डेपो. त्यांना मोठा हौदा असलेली पिकअप हवी होती. नवी घ्यावी की जुनी, यावर त्यांचं घर चार महिने भांडत होतं. त्या चार महिन्यांत भाऊ मला जुन्या गाड्यांच्या प्रत्येक यार्डात घेऊन गेले. ते खुर्चीत बसून चहा प्यायचे. मी गाडीखाली झोपायचो. चिखलात, ऑईलमध्ये, पाठीवर. चासीला वेल्डिंगचा जोड आहे का बघायचा. स्प्रिंगचे पाटे बदललेत का बघायचं. इंजिनवर आधी हात ठेवायचा, कारण विकणारे गिऱ्हाईक यायच्या आत गाडी तापवून ठेवतात, म्हणजे सकाळचा खोकला लपतो. मी गाडीखालून ओरडायचो, "भाऊ, नको." भाऊ उठायचे. शेवटी मीच म्हटलं, जुन्यात काही धड नाही, नवीच घ्या. माझा शब्द चालला. माझ्या कानावर त्यांचा एवढा विश्वास होता. माझ्या हातावर नव्हता.

त्या दिवशी घरी गेलो. बायकोने विचारलं, "आली का गाडी?" म्हटलं, "आली." पुढचं बोललो नाही. लाज वाटली. अपमान त्यांनी केला आणि लाज मला वाटली, हे मला अजून उलगडलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी चावी दिली आणि मी घेतली. पाच वर्षं ती गाडी चालवली. पाच वर्षं. त्या दिवशी चावी तोंडावर फेकायला हवी होती, हे आज लिहायला सोपं आहे.

मग एके दिवशी भाऊंनी सांगितलं, मोठा ट्रक घेतोय, तो पुतण्या चालवणार. आता ड्रायव्हर नको.

बारा वर्षांची नोकरी चहा संपायच्या आत संपली.

माझं वय सेहेचाळीस. शाळा नववीपर्यंत. ड्रायव्हिंग सोडून हातात दुसरं काही नाही. कंपन्यांच्या गाड्यांवर पंचविशीतली पोरं लागतात. बायको खारघरच्या टॉवरमध्ये तीन घरी पोळ्या करते. मुलगी बारावीत. स्वतःची पिकअप असली तर पनवेलच्या नाक्यावर काम आहे, कारण बांधकामं थांबत नाहीत. पिकअप नसली तर मी दुसऱ्याच्या गाडीत विटा भरणारा हमाल. मधलं काही नव्हतं.

पहिल्यांदा त्याच शोरूमला गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून. तिथल्या पोराने मला ओळखलं. पाण्याचा ग्लास दिला. मग माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत राहिला.

"साहेब मागून येतायत का, काका?"

"कोण साहेब?"

"तुमचे साहेब हो."

म्हटलं, मीच घेणार आहे. त्याचा चेहरा वाईट नव्हता झाला. गोंधळला बिचारा. लोनच्या टेबलावरच्या बाईंनी कागद चाळले, जामीन कोण विचारलं, मालमत्ता काय विचारलं. मी घर सांगितलं. घर कुणाच्या नावावर विचारलं. आमच्या बौद्धवाड्यातली घरं कुणाच्या नावावर आहेत ते सरकारलाही ठाऊक नाही. बाई समजुतीने म्हणाल्या, "एवढी मोठी कशाला घेता? छोटा हत्ती बघा ना. झेपेल असं बघा." छोट्या हत्तीत विटांची अर्धी खेप बसत नाही. सळया तर बसतच नाहीत. मला माल माहीत होता, त्यांना मी माहीत नव्हतो. उठलो.

मग जुन्या गाड्या. दहा दिवस कळंबोली, तळोजा, पार पेणपर्यंत फिरलो. या वेळी गाडीखाली मीच आणि खुर्चीही माझीच, पण खुर्चीत बसवेना. एक गाडी पुराच्या पाण्यात बसलेली होती, सीटखाली हात घातला तर गाळ निघाला. एकीची चासी मधोमध जोडलेली. एकीचा चासी नंबरच घासलेला, म्हणजे चोरीची. परवडेल ती मोडकी आणि धड असेल ती परवडणार नाही. रोज संध्याकाळी एसटीने घरी यायचो आणि बायकोकडे बघायचं टाळायचो. दहाव्या दिवशी स्टँडवर बसलो होतो तर चक्क रडू आलं. सेहेचाळीस वर्षांचा माणूस. शेजारची म्हातारी म्हणाली, "बाबा, कोण गेलं का?" म्हटलं, "नाय, कोण नाय."

अकराव्या दिवशी भाऊंनी बोलावलं. बंगल्याच्या ओट्यावर बसले होते. जुनी पिकअप समोर उभी.

"तूच घे ना. हप्त्या-हप्त्याने दे. घरची गाडी घरात ऱ्हाईल."

मला विश्वास बसेना. त्या गाडीचा प्रत्येक नट मला माहीत होता. तिसऱ्या गिअरला किती हलकं टाकायचं, पावसात कुठला ब्रेक ओढतो, सगळं. तिचं ऑईल मी कधी चुकू दिलं नव्हतं. अख्ख्या रायगडात माझ्यासाठी त्याहून चांगली गाडी नव्हती, हे मी कागदावर लिहून दिलं असतं.

मग भाऊंनी पुढच्या काचेकडे बोट केलं. काचेवर वरच्या बाजूला त्यांचं आडनाव होतं, मोठ्या पांढऱ्या अक्षरांत.

"नाव हाय तसं ऱ्हाऊ दे. त्या नावावर तुला माल मिळतंय. आणि काचेवर तुमचं ते निळं लावायचं नाय. गावात फिरनार हाय गाडी."

आवाजात राग नव्हता. उपकार करताना माणूस बोलतो तसं बोलले.

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "बरं, भाऊ."

हे लिहिताना हात थांबतो. पण म्हणालो. वर हसलोसुद्धा.

घरी येऊन बायकोला सांगितलं, गाडी मिळाली. अटही सांगितली. आणि मग माझ्याही नकळत पाच वर्षांपूर्वीचं ते लिंबांचं सगळं तोंडातून बाहेर पडलं. ती तवा उतरवून ऐकत बसली. मला वाटलं, म्हणेल, गप घ्या गाडी, पोरीची फी भरायचीय. तिचा हक्क होता तसं म्हणायचा. ती म्हणाली,

"हप्ते आपन भरायचे आनि गाडी त्यांची दिसायची. मग तुमी कोनाचे दिसनार?"

मी म्हटलं, पोट आहे.

"पोट बारा वर्सं होतंच की."

एवढंच बोलली आणि तवा परत चुलीवर ठेवला. मला जेवण गेलं नाही. चौदा एप्रिलला आमच्या मिरवणुकीतून भाऊंची गाडी न्यायची वेळ एकदा आली होती. मी वळसा घालून नेरेमार्गे नेली होती. कुणी सांगितलं नव्हतं. मीच नेली होती. आपल्या माणसांना आपण त्या नावाखाली बसलेले दिसू नये म्हणून. म्हणजे काचेवर निळं नको, हे भाऊ आज बोलले. मी तर ते कधीपासून पाळत होतो. हे ध्यानात आलं आणि मला स्वतःची किळस आली. भाऊंची नव्हे, माझी.

सकाळी गेलो. उभ्यानेच सांगितलं.

"गाडी नको, भाऊ."

"येडा हायस काय? गाडी चांगली हाय. तुलाच म्हाईत हाय."

"गाडी चांगली हाय. नाव पुसून दिलंत तर घेतो."

भाऊ बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. बारा वर्षांत त्यांनी माझ्याकडे एवढं पहिल्यांदाच बघितलं असेल. मग म्हणाले, "लाव मग दुसरी गाडी नाक्यावर. बघतो कोण भरतंय तिच्यात."

त्यांनी ते खरं केलं. ते पुढे सांगतो.

तळोज्याला एक चाचा जुन्या गाड्या विकतात. त्यांच्याकडची एक पिकअप मी दहा दिवसांत दोनदा बघून सोडली होती. स्टार्टर मारला की मागून निळा धूर. म्हणजे रिंगा गेल्या, इंजिन ऑईल पितंय. दुसऱ्या कुणाबरोबर गेलो असतो तर गाडीखालून ओरडलो असतो, नको. पण चासी सरळ होती. एक जोड नाही. इंजिन मी स्वतः खोलून बांधू शकतो. वाकडी चासी कुणाला सरळ करता येत नाही. बायकोचं मंगळसूत्र आणि भावाची मदत, यात ती बसली. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी चांगली गाडी शोधली आणि स्वतःसाठी धूर सोडणारी घेतली. डोळे उघडे ठेवून घेतली.

चाचा चावी पुढे करत होते. मी म्हटलं, आधी कागद. नाव माझ्यावर चढल्याशिवाय चावीला हात लावणार नाही. चाचा हसले, "मियाँ, लोग चाबी के लिए मरते हैं, तुम कागज के लिए." म्हटलं, हो.

कागद झाले. गाडी वाड्यात आणली. बायकोने मागून धूर बघितला आणि म्हणाली, "तिकडं काचेवर नको म्हनत होते. हिचं तर मागूनपन निळंच हाय." त्या महिनाभरात आम्ही तेवढंच हसलो.

रेडियमवाल्याने विचारलं, जय भीम केवढं कापू? म्हटलं, काच केवढी आहे तेवढं. निळी पट्टी, पांढरी अक्षरं. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आज नववा दिवस आहे. नऊ दिवस मी नाक्यावर उभा आहे आणि एक खेप मिळालेली नाही. आजूबाजूचे डेपो भाऊंचे नाहीतर त्यांच्या सोयऱ्यांचे. मी दारात गेलो की माल संपलेला असतो. माझ्या मागून आलेली गाडी भरून जाते. ओळखीचे ड्रायव्हर, ज्यांच्याबरोबर बारा वर्षं चहा प्यालो, ते फोनवर बोलत असल्याचं करतात. त्यांनाही घर आहे. परवा मुलीने कॉलेजची वही दुकानात परत ठेवली, तिला वाटलं माझ्या लक्षात आलं नाही. इंजिन खोलायचं आहे, त्याला सामान हवं. बायकोच्या गळ्यात नुसती काळी पोत आहे, सोन्याचे मणी नाहीत. मला भीती वाटते. खरंच वाटते.

आज दुपारी भाऊंचा पुतण्या बाईकवर आला. खाली उतरला नाही.

"काका बोलतान, काचेवरचं काढून टाक. दोन फेऱ्या आताच भरून देतो."

मी काचेकडे बघितलं. खोटं कशाला बोलू, बघितलं. नखाने कोपरा उचलला की ती पट्टी एका ओढीत निघते. मग रात्री घरात मासळी शिजली असती. मुलीची वही आली असती. पुतण्या बाईक चालू ठेवून वाट बघत होता.

"काकांना सांग, नाय काढनार."

"उपाशी मरशील."

"मरन. तुज्या काकांसमोर मरन."

तो गेला. मी गाडी सुरू केली, धूर काढत पुढे घेतली. नऊ दिवस मी नाक्याच्या शेवटी, झाडाखाली लावत होतो, जिथून कुणाला दिसणार नाही. तीही माझीच सवय, नेरेमार्गे वळसा घालायची. आता नाही. भाऊंच्या डेपोचं दार जिथे उघडतं, त्याच्या बरोबर समोर रस्त्याच्या पलीकडे सरकारी जागा आहे. तिथे लावली. तोंड डेपोकडे करून. आजपासून रोज सकाळी सातला गाडी इथेच लागेल. भरा, नाहीतर भरू नका. पण दार उघडलं की आधी ही काच वाचायची आणि मग धंदा करायचा.