क्लाराच्या वहीतलं सोमीचं नाव

मी नर्स आहे. अंगात येणं, भानामती, नजर... असल्या गोष्टींना मी कधीच किंमत दिली नाही, आजही देत नाही. त्यामुळे हे कोणाला घाबरवायला लिहीत नाहीये. घडलं तसं सांगते.

कापसाचे भाव पडलेली ती वर्षं. यवतमाळात तेव्हा परदेशी माणसं यायची ती बहुधा आत्महत्यांवर लिहायला. बावीस वर्षांची क्लारा मात्र नॉर्वेहून आली होती गरोदर बायकांच्या अभ्यासासाठी — तीन महिन्यांची इंटर्नशिप. मी नुकतीच नर्सिंग पास झालेली, तिची दुभाषी. तिचं मराठी म्हणजे ‘नमस्कार’, ‘पाणी’ आणि ‘बस्स’. संपलं.

डिसेंबरातली दुपार. केळापूरजवळच्या कोलाम आदिवासींच्या एका वस्तीवर आम्ही जंगूबाईकडे गेलो. आठवा महिना, तरी कापूस वेचून आलेली. आमचं बीपीचं मशीन आदल्याच दिवशी बिघडलेलं. मी फॉर्ममधले प्रश्न विचारले.

“डोकं दुखतं का?”

“नाई.”

“डोळ्यापुढं काही चमकतं?”

“नाई जी.”

क्लारा तेव्हा बाहेर अंगणात लेकरांची वजनं घेत होती.

परतताना जीपमध्ये तिची वही माझ्या हातात आली. इंग्रजीत लिहिलं होतं — ‘जंगूबाई. कालपासून डोकं फुटतंय. डोळ्यापुढे काजवे. सोमीलाही असंच झालं होतं. सांगितलं तर वेचणी बंद करतील.’

“हे कोणी सांगितलं तुला?”

“तिनेच.”

“कुठल्या भाषेत?”

क्लाराने वही माझ्याकडून घेऊन ती ओळ पुन्हा वाचली. मग हळूच म्हणाली, “मला समजलं... एवढंच.”

मला आधी रागच आला. मनचं लिहिते की काय ही! पण ती लक्षणं गरोदरपणात बीपी वाढून झटका येण्याआधीची होती. मी ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितलं.

“काहून मॅडम, काई राह्यलं का?”

“वळवा भाऊ, लवकर.”

जंगूबाई दाराची चौकट धरून उभी होती. आता नीट पाहिलं — चेहरा, पाय, सगळं सुजलेलं. सासू आडवी आली, “आत्ताच तं बरी होती. कायले नेता?”

“माय, तुम्हीपण बसा गाडीत. जबाबदारी माझी.”

दवाखान्याच्या दारातच तिला झटका आला. डॉक्टर समोरच होते म्हणून निभावलं. संध्याकाळी मुलगी झाली, मूठभर, पण खणखणीत रडली. दोघी वाचल्या.

तिसऱ्या दिवशी मी जंगूबाईला विचारलं, “मला नाही म्हणालीस, मग तिला कसं सांगितलंस?”

“ताई, म्या कोनालेच नाई सांगतलं. मनातच म्हनत होती. ते गोरी पोरगी तं माह्याजवळ आलीच नाई.”

“आणि सोमी कोण?”

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. “माही मोठी बहीन. पयल्या बाळंतपनात गेली. तिचं नाव आमच्या घरी कोनी घेत नाई.”

सूज क्लाराने दुरून हेरली असेल, हे मी मानते. नाव कुठून आलं? इतक्या वर्षांत मला याचं उत्तर मिळालेलं नाही, क्लारालाही नाही. पण एक ठामपणे सांगते — त्या दुपारी मी आधी गाडी वळवली आणि शंका नंतर काढल्या. तेच बरोबर होतं.