एका केसपेपरवर दोघं

"कार्ड आडव्या माणसाचं असतंय. उभ्याला खिसाच." हे सांगताना मामा दोन बोटं आधी आडवी धरत, मग उभी. सरकारी योजनेचं कार्ड भरती झालेल्यालाच चालतं, तपासून घरी जाणाऱ्याला नाही, हे अख्ख्या पारनेरात कुणी याहून थोडक्यात सांगून दाखवावं, मी कंपाउंडरकी सोडतो.

मामा बाजारात खुरप्या-कुऱ्हाडींना दांडे बसवायचे. हात असा की, त्यांची कुऱ्हाड नुसती दाखवली तरी बाभूळ आडवी व्हायची. पण आमच्या दवाखान्यात ते पेशंट म्हणून कधी आलेच नाहीत. पेशंट मामी. दोघांच्या तक्रारी मामींनी सांगायच्या, फी एकाची, आणि गोळ्या घरी जाऊन वाटून घ्यायच्या.

मामी रस्ताभर पाठ करत येत. एकदा डॉक्टरांपुढे बोलून गेल्या, "दाढी करताना चक्कर येती." डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी इंजेक्शनच्या खोलीत तोंडात कापसाचा बोळा कोंबून हसलो. तो किस्सा मी पार सुप्यापर्यंत पोचवला, आणि दर वेळी मामींची दाढी वीतभर वाढवली.

मग एका बाजारी मामी म्हणाल्या, "वझं उचलताना छाती दाबून येती." डॉक्टरांनी तसं लिहिलं आणि छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायला सांगितली. काढली मीच. मामींची. पट्टी स्वच्छ, म्हणून गॅसची गोळी मिळाली.

"बगा, छाती चांगली हाय," मामा बाकावरून खुशीत म्हणाले.

"मामा, ही मामींची छाती. तुमची काढू का पट्टी?"

"परत पैशे? पुढच्या बाजारी बगू."

मी हसलो. डॉक्टर चार पावलांवर बसले होते. तालुकाभर सांगत फिरलेला मी, त्यांनाच तेवढं सांगायचं राहू दिलं.

पुढच्या बाजारी मामा दांडा ठोकता ठोकता बसल्या जागी गेले. त्यांना आडवं केलं ते लोकांनी. कार्ड खिशातच होतं.

महिन्याभराने मामी एकट्या आल्या. बाकाच्या टोकाला बसल्या, शेजारची जागा सोडून. डॉक्टरांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी जुना केसपेपर पाहिला.

"ते छातीत दाबून यायचं, त्याचं काय?"

मामींनी माझ्याकडे पाहिलं.

"थांबलं."

"छान. गोळी लागू पडली म्हणायची. आता बंद करू."

डॉक्टरांनी केसपेपर माझ्याकडे सरकवला. मी पेन घेतलं आणि मामांची ओळ खोडली.