आपांची साक्ष

आमच्या वॉर्डन आपा कुठल्याच मुलीला ‘कुठं गेली होतीस’ असं विचारायच्या नाहीत. दारातून आत येणाऱ्या प्रत्येकीला त्यांचा एकच सवाल, “जेवलीस का?” उस्मानपुऱ्यातल्या त्या हॉस्टेलच्या मेसमध्ये मी पोळ्या लाटायचे. नववीत शाळा सुटलेली, गाव पार किनवटच्या पलीकडं. सारखी धाकधूक. गॅसचं बटण चार-चार वेळा बघायचे. आपा म्हणायच्या, “बंद आहे बेटा. आता सिलेंडरलाच तुझी भीती वाटायली.”

बीएस्सीच्या सीमावर पहिल्या वर्षी वर्गातल्याच एका मुलानं जबरदस्ती केली. तिनं आपांना सांगितलं. आपांनी तिला आठवडाभर स्वतःच्या खोलीत ठेवलं. जेवण मीच नेऊन द्यायचे. आणि सांगितलं, “कुणाला बोलू नको. घरी कळलं तर कॉलेज सुटंल.” मलाही तेव्हा ते बरोबरच वाटलं.

पुढच्या वर्षी त्या मुलाच्या दोस्तानं सीमासोबत तेच केलं. या वेळी तिनं कॉलेजच्या तक्रार समितीकडं अर्ज दिला. वडील तिला कायमचं घरी न्यायला आले. साक्षीला आपांना आणि मलाही बोलावलं होतं. समितीतल्या एका बाईंनी सीमाला विचारलं, “परत तुझ्याच बाबतीत कसं होतं गं?”

सीमा तोंड उघडायच्या आत आपा उठल्या.

“त्याचं उत्तर माझ्याकडं आहे, मॅडम. पहिल्या वेळेस हिला गप्प मीच बसवलं. ही बोलत नाय, हे त्या पोरांना कळलं. दुसऱ्याला तेवढंच पुरलं. लिहून घ्या.”

“आपा, नोकरी जाईल तुमची,” त्या बाई म्हणाल्या.

“जाऊ द्या. हिचं शिक्षण जायला नको.”

मग माझा नंबर आला. दोन्ही वेळचं सगळं सांगितलं.

दोघांना कॉलेजातून काढलं, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. सीमाचे वडील तिची भरलेली बॅग घेऊन हॉस्टेलबाहेरच्या बाकावर बसले होते. आपा म्हणाल्या, “भाऊ, आता हिला घरी नेलं तर शिक्षा हिलाच झाली.” त्यांनी बॅग माझ्यापुढं सरकवली. मग मला म्हणाले, “ताई, ही बॅग वर नेऊन ठेवता का? लई जड आहे.”

एवढी जड बॅग मी एका दमात दोन जिने चढवली.

आपांची नोकरी गेलीच. आता त्या पुंडलिकनगरला लेकीकडं असतात. सीमा एमएस्सी करते. मी यंदा दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. त्याला शाळेचा जुना दाखला लागतो. त्यावर शाळा सोडल्याचं कारण ‘घरगुती’ असं लिहिलेलं. मी आपांना फोन लावला आणि शाळेच्या वाटेवर माझ्यासोबत काय झालं होतं, ते सांगितलं. आईशिवाय कुणालाच ते माहीत नव्हतं.

आपा म्हणाल्या, “नाव सांग त्याचं, बेटा.”

मी सांगितलं. आडनावासकट.